इमारत खरंच सगळ्यांना वापरता यावी म्हणून: कायदा, मापं आणि साइटवरचं काम

दिव्यांगांच्या सोयींचा विषय काढला की बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर येतं, "रॅम्प दाखवलाय ना नकाशात". आणि तो खरंच दाखवलेला असतो. पण इमारत उभी राहिल्यावर बघायला जा, रॅम्पच्या तोंडाशी गटाराचं झाकण, आतल्या दाराची रुंदी जेमतेम ७५० मिलिमीटर, लिफ्टपर्यंत जायला आधी पाच पायऱ्या, आणि दिव्यांग टॉयलेटला कुलूप कारण आत झाडू-बादल्या ठेवलेल्या. कागदावर सगळं आहे आणि व्हीलचेअरवरचा माणूस मात्र बाहेरच.

हे होतं कुठे तर नकाशा आणि फिनिशिंग यांच्या मधल्या काळात. प्लास्टर, टाइल, चौकट, उंबरठा, रस्त्याची वाढलेली लेव्हल, हे सगळे मिळून मापं खातात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून हा लेख नुसता कायद्याचा नाही, कायदा कुठे लागतो ते आधी आणि मग गेटपासून टॉयलेटपर्यंत एकेक जागा कशी तपासायची ते. शाळा, दवाखाना, क्लास, ऑफिस, दुकान, हॉल, जिथे लोकांची ये-जा आहे अशी कुठलीही इमारत डोळ्यासमोर ठेवा.

आधी कायदा, पण कामापुरता

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा मुख्य कायदा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याआधी १९९५ चा कायदा होता. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली, त्या कराराला धरून हा नवा कायदा झाला. यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, म्हणजे फक्त व्हीलचेअर आणि पांढरी काठी एवढंच नाही, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, पार्किन्सन, स्नायूंचे आजार, ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व हे सगळं आलं. डिझाइन करताना हे डोक्यात असलं की "आमच्याकडे व्हीलचेअरवाला येतच नाही" हे वाक्य आपोआप बंद होतं. आणि तो येत का नाही याचं उत्तर बऱ्याचदा त्या इमारतीच्या पहिल्या पायरीवरच असतं.

कामाची कलमं चार-पाच आहेत, ती पाठ असलेली बरी. कलम २ मध्ये सार्वजनिक इमारतीची व्याख्या आहे आणि त्यात सरकारी आणि खाजगी दोन्ही इमारती येतात, लोक वापरतात एवढं पुरे. शिक्षण, कामाची जागा, व्यापार, धार्मिक, सांस्कृतिक, आरोग्य, कोर्ट, पोलीस, स्टेशन, बसस्टँड, सगळं नावानिशी लिहिलंय. तेव्हा "आमचं प्रायव्हेट आहे" हे चालत नाही. कलम ४४ सांगतं की सुगम्यतेचे, म्हणजे सगळ्यांना सहज वापरता येण्याचे, नियम आराखड्यात पाळले नसतील तर आस्थापनेला बांधकामाची परवानगी द्यायची नाही आणि तसं बांधकाम झालं तर पूर्णत्वाचा दाखला किंवा भोगवटाही (इमारत वापरायची परवानगी) द्यायचा नाही. आस्थापनेत खाजगी कंपनी, फर्म, सहकारी संस्था, ट्रस्ट सगळे धरलेत. कलम ४५ जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी, नियम निघाल्यापासून पाच वर्षांत त्या सुगम्य करायच्या होत्या. नियम निघाले १५ जून २०१७ ला, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. कलम ४६ सेवा देणाऱ्यांसाठी, त्यांना दोन वर्षं दिली होती, तीही संपली. आणि कलम ८९ दंडाचं, पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, पुन्हा केलं तर ५०,००० पासून ५ लाखांपर्यंत.

आता मापांचं. २०१७ च्या नियमांमधल्या नियम १५ ने केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं जोडून घेतली होती, आधी २०१६ ची आणि नंतर दुरुस्ती होऊन २०२१ ची. अडचण अशी की त्यांची भाषा "असावं, करता येईल" अशी शिफारशीची. दृष्टिहीन असलेले राजीव रतुरी यांनी २००५ साली सुप्रीम कोर्टात याचिका केली होती, तिच्यात २०१७ मध्ये कोर्टाने सविस्तर निर्देश दिले, तरी काम पुढे सरकेना, मग हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातल्या दिव्यांग अभ्यास केंद्राला पाहणी करायला सांगितली आणि ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात कोर्टाने म्हटलं की कायदा सक्तीचा आणि नियम मात्र शिफारशीचा हे जुळत नाही, नियम १५(१) कायद्याबाहेरचा आहे. केंद्राला तीन महिन्यांत सक्तीचे किमान नियम करायला सांगितलं. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की ड्रॉइंग काढायला बसाल त्या दिवशी लागू असलेला मजकूर उघडून वाचा, मागच्या प्रोजेक्टची शीट कॉपी करू नका. महाराष्ट्रात याशिवाय बांधकामाच्या स्थानिक नियमावल्या आहेतच, बृहन्मुंबईत डीसीपीआर २०३४ आणि बाकी बहुतेक ठिकाणी २०२० ची यूडीसीपीआर. दोन ठिकाणी वेगळं माप दिसलं तर जास्त सोयीचं घ्या, त्यात कुणाचंच नुकसान नाही.

अजून एक फरक समजून घ्या कारण इथे भले भले गडबडतात. सुगम्यता ही सगळ्यांसाठी आणि आधीच करायची गोष्ट आहे, कुणी मागितली नाही तरी. वाजवी सोय ही एका ठराविक माणसासाठी, त्याच्या गरजेप्रमाणे, त्याने सांगितल्यावर. रॅम्प, लिफ्ट, टॉयलेट हे पहिल्यात. एखाद्या कर्मचाऱ्याला वेगळ्या उंचीचं टेबल किंवा स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर लागतं ते दुसऱ्यात. "कुणी मागितलं तर करू" हे पहिल्या बाबतीत उत्तरच होऊ शकत नाही, आणि "आम्ही रॅम्प केलाय" हे दुसऱ्या बाबतीत पुरेसं नाही. वाजवी सोय नाकारणं हा कायद्याने भेदभावच धरलाय.

पेन्सिल उचलायच्या आधी चालून बघा

जुनी इमारत असेल तर पहिलं काम ऑडिट. रस्त्यावर उतरल्यापासून काम होऊन परत रस्त्यावर येईपर्यंतचा पूर्ण रस्ता चाला, मधे एकही पायरी, अरुंद जागा, न दिसणारा अडथळा सोडायचा नाही. सोबत टेप, स्पिरिट लेव्हल, मोबाइल. आणि सोबत माणसं हवीत: एक व्हीलचेअर वापरणारी, एक दृष्टिहीन, एक ऐकू न येणारी, जमलं तर कुबड्या किंवा वॉकर वापरणारी. त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे द्या, हे सल्लागाराचं काम आहे, उपकार मागितल्यासारखं बोलावू नका. आपण स्वतः तासभर व्हीलचेअरवर बसून बघणं हा काही पर्याय नाही, त्यात फक्त आपली भीती कळते, रोज वापरणाऱ्याची पद्धत कळत नाही. तो दार कुठल्या हाताने ओढतो, कमोडवर कुठल्या बाजूने सरकतो, हे त्यालाच माहीत.

ऑडिटमधून निघालेली यादी खर्चाप्रमाणे लावू नका, साखळीप्रमाणे लावा. आधी आत येता येणं, मग जिथे काम आहे तिथवर पोचणं, मग टॉयलेट, मग बाकीचं. टॉयलेट अप्रतिम करून ठेवलं आणि मुख्य दाराशी तीन पायऱ्या तशाच राहिल्या तर तो सगळा पैसा वाया.

गेट, पार्किंग, रॅम्प

पार्किंगची राखीव जागा ३६०० मिलिमीटर रुंद हवी, कारण गाडीच्या बाजूला व्हीलचेअर उघडून बसायला जागा लागते. प्रवेशापासून ३० मीटरच्या आत. जमिनीवर मोठं चिन्ह आणि उभा बोर्ड दोन्ही, कारण गाडी लागली की जमिनीवरचं दिसत नाही. वॉचमनला लेखी सूचना द्या, नाहीतर ही जागा साहेबांच्या गाडीसाठीच वापरली जाते.

रॅम्पचं गणित अगदी सोपं आहे तरी सगळ्यात जास्त चुकतं. उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे १ मीटर चढायला १२ मीटर लांबी. जोतं, म्हणजे तळमजल्याची जमिनीपासूनची उंची, ४५० मिलिमीटर असेल तर उताराची लांबी ५.४ मीटर, वर आणि खाली प्रत्येकी १.५ मीटर सपाट जागा, एकूण ८.४ मीटर. जोतं ९०० असेल तर १०.८ मीटर उतार, दर ९ मीटरच्या आत एक विश्रांतीचा टप्पा हवा म्हणून मधे अजून १.५ मीटर, एकूण १५.३ मीटर. ही जागा साइट प्लॅनच्या पहिल्या स्केचमध्ये ठेवली नाही तर नंतर ती कुठूनच येत नाही, आणि मग काँट्रॅक्टर उरलेल्या तीन मीटरमध्ये घसरगुंडी करून देतो. त्यापेक्षा जोतंच कमी ठेवता येतं का, पाण्याचा निचरा वेगळ्या पद्धतीने काढता येतो का, हे आधी बघा. माझ्या मते सगळ्यात चांगला प्रवेश म्हणजे ज्याला रॅम्प लागतच नाही, जमीनच हळूहळू दारापर्यंत चढते आणि सगळे एकाच वाटेने आत येतात. मागच्या बाजूने, कचऱ्याच्या डब्यांजवळून दिव्यांगांचा वेगळा प्रवेश काढायचा हे मला पटत नाही, जागा आहे तिथे तर अजिबात नाही.

रॅम्पची मोकळी रुंदी किमान १२०० (इथून पुढे एकक लिहिलं नसेल तिथे माप मिलिमीटरमध्ये समजा) आणि हे दोन हँडरेलच्या मधलं माप, भिंतीपासून भिंतीपर्यंतचं नाही. हँडरेल दोन्ही बाजूंना, दोन उंचींवर, साधारण ७६० आणि ९०० ला, सुरुवातीला आणि शेवटी ३०० मिलिमीटर पुढे नेलेले आणि टोक भिंतीकडे किंवा खाली वळवलेलं, उघडं टोक असेल तर कपडे अडकतात. कडेला छोटा कट्टा, चाक घसरू नये म्हणून. फरशी खरखरीत. पॉलिश ग्रॅनाइट पावसाळ्यात धोकादायक, तो रॅम्पवर लावूच नका, नंतर त्यावर काळ्या पट्ट्या चिकटवल्या तरी सहा महिन्यांत निघतात.

आणि रस्ता! पालिका रस्ता करते, लेव्हल वाढते किंवा पेव्हर ब्लॉक बसतात आणि रॅम्पच्या सुरुवातीला ४० मिलिमीटरचा कट्टा तयार होतो. काम संपल्यावर आणि नंतरही दर वर्षी ही जागा बघा.

दारं, इथे सगळ्यात जास्त मापं हरवतात

दाराची मोकळी रुंदी ९०० हवी. मोकळी म्हणजे दार ९० अंशात उघडल्यावर पल्ल्याचा चेहरा ते समोरची चौकट. आपल्याकडे ड्रॉइंगवर "डी-१: ९००" लिहितात आणि गवंडी विटांमध्ये ९०० चा गाळा सोडतो. मग दोन्ही बाजूंची चौकट, त्यात पल्ल्याची जाडी, असं करत करत हातात ७६० च्या आसपास उरतात. म्हणून ड्रॉइंगवरच "फिनिशिंगनंतर मोकळं ९००" असं लिहा आणि गाळा १०५० किंवा जास्त दाखवा. दोन पल्ल्यांचं दार असेल तर एकच पल्ला उघडल्यावर ९०० मिळायला हवेत, दुसऱ्याची कडी वर असते आणि ती कुणी काढत नाही.

उंबरठा नकोच, असलाच तर १२ मिलिमीटरच्या वर नाही आणि कडा तिरकी. मूठ गोल नको, खाली दाबायची लिव्हर हवी, संधिवात असलेल्या हातालाही ती जमते. ओढायच्या बाजूला हँडलच्या शेजारी ४५०-६०० मिलिमीटर मोकळी भिंत ठेवा, नाहीतर व्हीलचेअरवरचा माणूस दार स्वतःच्याच अंगावर ओढत राहतो. काचेच्या दाराला डोळ्याच्या उंचीवर ठळक पट्टा, हा सगळ्यांसाठीच. डोअर क्लोजर जोरकस लावला असेल तर सैल करून घ्या, फुकटातलं काम आहे.

पॅसेज किमान १५००, म्हणजे व्हीलचेअर पूर्ण वळू शकेल. दोन व्हीलचेअर समोरासमोर येणार असतील, दवाखान्यात वगैरे, तर १८००. आणि मग त्या पॅसेजमध्ये कपाटं, झेरॉक्स मशीन, कुंड्या ठेवायच्या नाहीत.

लिफ्ट

आतून १५०० बाय १५०० मिळालं तर उत्तम, दार ९००, समोर १५०० ची मोकळी जागा. बटणं जमिनीपासून ९०० ते १२०० च्या मधे, उठावदार आणि ब्रेलमध्ये, पॅनेल बाजूच्या भिंतीवर आणि कोपऱ्यापासून ४०० तरी आत. मागच्या भिंतीवर आरसा, ज्याला आत वळता येत नाही तो आरशात बघून उलटा बाहेर येतो. मजल्याची बोलून सूचना चालू ठेवा, बरेच जण आवाजाचा त्रास म्हणून बंद करतात आणि दृष्टिहीन माणसाला मजला मोजत बसावा लागतो. लिफ्टला जनरेटर बॅकअप हवाच. दुमजली जुनी इमारत आहे, लिफ्ट बसत नाही, तर सेवा खाली आणा: एक डॉक्टर, एक वर्ग, एक काउंटर तळमजल्यावर. तेच काम, त्याच वेळेत, त्याच दर्जाने. वरून कुणीतरी खाली येऊन भेटेल असं सांगून माणसाला बाकावर तासभर बसवून ठेवणं म्हणजे ती सेवा नव्हे.

टॉयलेट, इथे घाई करू नका

आतलं मोकळं माप किमान २००० बाय २२००, जास्त मिळालं तर घ्या. प्लास्टर आणि टाइल मिळून एका भिंतीला ४०-५० मिलिमीटर जातात, समोरासमोरच्या दोन भिंतींचे मिळून ८०-१००. तेव्हा वीटकामाचं माप तेवढं वाढवून द्या. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, आत उघडणारं नको, कारण आत कुणी पडलं तर दार उघडतच नाही. मधे १५०० चा वर्तुळाकार फिरायचा मोकळा भाग.

कमोडची बैठक ४५० ते ४८० उंच. एका बाजूला भिंत, कमोडच्या मध्यापासून साधारण ४५० अंतरावर, तिथे पक्का ग्रॅब बार, म्हणजे आधाराला धरायची दांडी. दुसऱ्या बाजूला किमान ९०० मोकळे, व्हीलचेअर शेजारी लावायला, आणि तिथे वर उचलता येणारा बार. कमोड खोलीच्या बरोब्बर मधे बसवतात ना, दिसायला छान, पण मग भिंतीचा बार हाताला लागत नाही.

ग्रॅब बार म्हणजे टॉवेलची दांडी नव्हे, माणूस पूर्ण वजन त्यावर टाकतो. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या) भिंतीत साधा प्लग टिकत नाही, केमिकल अँकर (रसायनाने भिंतीत पक्का चिकटवलेला बोल्ट) लागतो, आणि ड्रायवॉल असेल तर आत जाड प्लाय किंवा लोखंडी पट्टी आधीच बसवावी लागते. हे इलेक्ट्रिक पॉइंटसारखं टाइल लावायच्या आधी ठरवायचं असतं. लावून झाल्यावर एका जड माणसाला त्यावर लोंबकळायला सांगा, इमारत ताब्यात घ्यायच्या आधी.

बेसिनखाली गुडघे जातील अशी मोकळी जागा, पायाची सिरॅमिक दांडी नको. नळ लिव्हरचा. जेट, फ्लश, कागद हे कमोडवर बसून हाताला लागले पाहिजेत. संकटाची घंटा दोरीची असेल तर दोरी जमिनीपासून ३०० पर्यंत खाली यायला हवी, पडलेल्या माणसाला ती लागते, उभ्या माणसाला नाही. सफाईवाल्यांना ती दोरी वर गुंडाळून ठेवू नका असं सांगा. आणि त्यांना बादल्यांसाठी वेगळी जागा द्या, नाहीतर त्या इथेच येणार, त्यात त्यांचा दोष नाही.

न दिसणं, न ऐकू येणं

दृष्टिहीनांना पायाने आणि काठीने कळावं म्हणून जमिनीत उठावदार टाइल लावतात. रेषांची टाइल म्हणजे या दिशेने चला, ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. एवढं माहीत नसलेला टाइलवाला ठिपक्यांची नक्षी काढतो किंवा रेषा थेट खांबावर नेऊन सोडतो, म्हणून स्वतंत्र ड्रॉइंग द्या आणि लावताना उभे राहा. जिन्याच्या आधी ३०० मिलिमीटरवर ठिपके, प्रत्येक पायरीच्या कडेला ५० ची वेगळ्या रंगाची पट्टी. कमी दिसणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांना ब्रेलपेक्षा रंगातला फरक जास्त उपयोगी पडतो: पांढऱ्या भिंतीवर पांढरं स्विच, करड्या फरशीवर करडी पायरी हे टाळा. भिंतीतून बाहेर आलेली वस्तू, फायर एक्स्टिंग्विशर, एसीचं युनिट, ७०० मिलिमीटरच्या वर असेल तर काठीला लागत नाही आणि थेट चेहऱ्याला लागते. तिच्याखाली काठीला लागेल असं काहीतरी ठेवा किंवा ती कोनाड्यात सरकवा.

ऐकू न येणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आगीचा अलार्म दिसणाराही हवा, लुकलुकणारा दिवा, टॉयलेटमध्येसुद्धा. टोकन नंबर पुकारता तसा स्क्रीनवरही. काउंटरवरच्या माणसाच्या चेहऱ्यावर उजेड, पाठीमागे खिडकी नको, ओठ वाचता येत नाहीत.

आगीच्या वेळी लिफ्ट बंद होते, मग वरच्या मजल्यावरचा व्हीलचेअरवाला कुठे थांबणार? जिन्याच्या आगरोधक भागात जिना न अडवता एक व्हीलचेअर उभी राहील अशी जागा आणि तिथून बोलायची सोय ठेवा, आणि मॉक ड्रिलमध्ये हे खरोखर करून बघा.

ताबा घ्यायच्या आधी, आणि काम झालंच नाही तर

भोगवट्यासाठी अर्ज करायच्या आधी टेप घेऊन पुन्हा तोच रस्ता चाला, तीच माणसं बोलवा. काँट्रॅक्टरचं शेवटचं बिल या मापांना बांधून ठेवा, करारातच लिहा, मग चूक झाली तर दुरुस्ती होते.

तुम्ही वापरणारे असाल आणि इमारत आत येऊच देत नसेल तर आधी मालकाला किंवा संस्थेला लेखी द्या, कलम लिहून. नवीन बांधकाम असेल तर त्याच वेळी पालिकेच्या बांधकाम परवानगी विभागालाही, भोगवटा मिळायच्या आधी दिलेल्या अर्जाला जास्त वजन असतं. सरकारी आस्थापनेत कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी असतो, तिथे नोंद करून घ्या. त्यानेही हललं नाही तर राज्याचे दिव्यांग आयुक्त, महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे. आयुक्तांना लोकांना बोलावणं, कागद मागवणं यासाठी दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, आणि त्यांनी शिफारस केली की संबंधित प्राधिकरणाला तीन महिन्यांत कारवाई करून कळवावं लागतं किंवा का केली नाही याची कारणं द्यावी लागतात. ती तारीख डायरीत लिहून ठेवा आणि पाठपुरावा करा.

तक्रारीत "सोय नाही, फार त्रास होतो" एवढंच लिहू नका. फोटो काढा आणि फोटोत टेप दिसू द्या: दार ७४० चं, रॅम्प २ मीटर लांब आणि ४५० उंच, उंबरठा ६० चा. शेजारी कायद्याचं कलम आणि नियमातलं माप. अशा तक्रारीला "बघून घेतो" म्हणून परत पाठवणं अवघड जातं, कारण बघायचं ते सगळं आधीच समोर असतं.